गरज सरो, वैद्य मरो!

ज्या हातांनी तीस-तीस वर्षे शहराची गटारे उपसली, नळांस पाणी आणिले व भर पावसात खांबावर चढून घरोघरचे दिवे लाविले, त्या हातांतील बळ ओसरल्यावर त्यांच्या पोटाची तजवीज कोणी करावयाची, हा प्रश्न अमरावती व अकोला येथील करदात्यांनी आता मनावर घेतला पाहिजे.

आज एकाच आळीतील तीन नोकरांचे वार्धक्य तीन तऱ्हेचे असते. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी महापालिकेत लागलेल्यास जुन्या नियमाने अखेरच्या वेतनाच्या निम्म्यापर्यंत निवृत्तिवेतन मिळते. त्या तारखेपासून राज्य सरकारने अंशदानाची योजना आणिली व स्थानिक संस्थांनीही तीच वाट धरिली. तीत नोकराच्या वेतनाचा दहावा हिस्सा दरमहा कापला जातो. पुढे पदरात काय पडेल, ते मात्र बाजाराच्या तेजीमंदीवर ठरते. मार्च २०२३ मधील राज्यव्यापी संप याच असंतोषातून उद्भवला. पंचवीस वर्षांच्या सेवेस निम्म्या मूळ वेतनाची हमी देणारी केंद्राची योजना स्वीकारण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये घेतला, तो त्यानंतरचा.

तिसरा नोकर एसटीचा वाहक किंवा वीज कंपनीचा तारतंत्री. त्याच्या वाट्यास १९९५ ची भविष्यनिधी-निवृत्तिवेतन योजना आली. २०१४ साली तिच्या हिशेबासाठी वेतनाची मर्यादा पंधरा हजार व निवृत्तिवेतनाची किमान रक्कम अवघी एक हजार रुपये ठरली! एवढ्यात महिन्याचे औषधपाणी तरी भागते काय? आमच्या वऱ्हाडातील बुलढाण्यास याच मागणीसाठी वृद्ध निवृत्तांनी वर्षानुवर्षे साखळी उपोषण चालविले, यात नवल ते कोणते?

निवृत्तिवेतन ही मालकाच्या मर्जीवरील देणगी नसून केलेल्या सेवेचा मोबदला आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात निःसंदिग्धपणे सांगितले. परंतु हक्क कायद्यात असून भागत नाही. तिजोरीतही पैसा लागतो. महापालिकेचे निवृत्तिवेतन चालू वर्षाच्या उत्पन्नातून निघते, हेच दुखण्याचे मूळ होय. अमरावतीची महापालिका १९८३ ची, अकोल्याची २००१ ची. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर गेला, आणि १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आल्यावर महापालिकांस सरकारी अनुदानाची वाट पाहणे आले. अनुदान लांबले की प्रथम ठेकेदार ओरडतो; म्हातारा सफाई कामगार ओरडू शकत नाही, म्हणून त्याचे देणे मागे पडते.

जकात नको, असे आमच्या व्यापारी बंधूंनी ठणकावून सांगितले व ते रास्तही होते. परंतु दुसऱ्याची ठेव दुकानाच्या भांडवलात मिसळणाऱ्या सावकारास ते स्वतः काय म्हणतात? नोकराने तरुणपणी राखून ठेविलेले वेतन ही अशीच ठेव आहे.

यास्तव दोन्ही महापालिकांनी निवृत्तिवेतनाचा स्वतंत्र निधी उभारावा. त्यात दरमहा ठरीव रक्कम अन्य देयकांच्या आधी भरावी. पुढील वीस वर्षांच्या देण्याचा अंदाज तज्ज्ञ विमागणित्याकडून करवून तो अंदाजपत्रकासोबत प्रसिद्ध करावा. आणि त्या निधीस अन्य कामासाठी हात लावण्यास मज्जाव असावा. याने कर वाढेल, अशी हाकाटी होईल. वाढला तर वाढो! ज्यांच्या श्रमावर आपण निरोगी राहिलो, त्यांचे देणे बुडवून वाचविलेला पैसा ही काटकसर नव्हे, ती दिवाळखोरी होय.