ड्रॉइंग हिंजवडीत, टाकी भोसरीत, पाणी इंद्रायणीत

इंद्रायणीवर पांढरा फेस चढला की आळंदीच्या घाटाचे छायाचित्र पहिल्या पानावर येते. महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ एकमेकांकडे बोट दाखवतात, पालखी पुढे सरकते आणि विषय मागे पडतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडीतली भंगार गोदामे आणि शेड पाडली गेली. त्याच वर्षी १७ मे रोजी हरित लवादाच्या आदेशावरून चिखलीत निळ्या पूररेषेतले ३६ बंगले पाडले गेले. नदीचा प्रश्न त्यामुळे सुटला, असे कुणीही म्हणणार नाही.

फेस दिसतो, म्हणून त्याची बातमी होते. तो मुख्यतः डिटर्जंट आणि प्रक्रियेविना सोडलेल्या सांडपाण्याचा. पाण्यात विरघळलेले निकेल मात्र दिसत नाही, त्याला वासही नसतो. त्याचा माग काढणारे नाल्याकाठच्या, धातूचा मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंग शेडपाशी पोचतात आणि तिथेच थांबतात. माझे म्हणणे असे की आणखी पुढे जावे, थेट हिंजवडीपर्यंत.

राजीव गांधी इन्फोटेक पार्क म्हटले की आपल्याला सॉफ्टवेअर आठवते. पण टाटा टेक्नॉलॉजीज आणि केपीआयटी या वाहन-अभियांत्रिकीतल्या कंपन्यांची मुख्यालये इथेच आहेत, आणि मोटारीचे सुटे भाग संगणकावर आखणारे कितीतरी अभियंते रोज इथल्याच कोंडीतून ऑफिस गाठतात. भाग आखून झाला की ड्रॉइंगच्या कोपऱ्यात फिनिशची एक ओळ येते: झिंक-निकेल, ८ मायक्रॉन, निकेल १२ ते १५ टक्के, ट्रायव्हॅलंट पॅसिव्हेशन. ही ओळ टाइप करायला अर्धे मिनिट पुरते. ती प्रत्यक्षात उतरवायला भोसरीत किंवा चाकणला जॉबवर्क करणाऱ्या एखाद्या शेडमध्ये टाक्यांची लांबलचक रांग लागते.

ओळीमागचे कारण खरे आहे. बॅटरीने विजेची गाडी जड केली, म्हणून बाकीचे वजन उतरवायला ॲल्युमिनियम आले. ॲल्युमिनियमला पोलादी बोल्ट भिडला आणि मध्ये खारट ओल आली की ॲल्युमिनियम झिजते. ॲनोडायझिंग केले तर थर विजेला अडवतो, आणि कनेक्टरच्या कवचाला तर अर्थिंगसाठी वीज वाहून न्यावी लागते. संरक्षण आणि विमान क्षेत्रातल्या अशा कवचांवर वर्षानुवर्षे कॅडमियम चढत असे. ते विषारी म्हणून त्याची जागा आता झिंक-निकेल घेते आहे. विद्युत-रासायनिकदृष्ट्या हा मिश्रधातू ॲल्युमिनियमच्या अगदी जवळचा, त्यामुळे एकाने दुसऱ्याला खाण्याचा वेग मंदावतो. वरचा पिवळा हेक्साव्हॅलंट क्रोमियमचा थर युरोपने मोटारींसाठी जुलै २००७ पासून बंद केला, म्हणून आता ट्रायव्हॅलंट क्रोमियमचा.

खरी कसोटी त्यापुढे आहे. पोलादावर जस्त चढवणे हा जुना, सरावाचा धंदा. ॲल्युमिनियमवर मात्र हवा लागताक्षणी ऑक्साइडचा पापुद्रा धरतो. तो जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा, पण भलताच चिवट. साफ केलेला भाग एका टाकीतून दुसरीत नेईपर्यंत तो पुन्हा तयार झालेला असतो, आणि त्याच्यावर केलेले प्लेटिंग नखाने सोलून निघते.

यावरचा उपाय मला या सगळ्या उद्योगातली सर्वांत देखणी युक्ती वाटते. कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात झिंक ऑक्साइड विरघळवतात. शेडमध्ये त्याला झिंकेट म्हणतात. भाग त्यात नुसता बुडवायचा, वीज लावायची नाही. कॉस्टिक पापुद्रा खाऊन टाकते, ॲल्युमिनियम द्रावणात उतरू लागते आणि त्याच जागी जस्त येऊन बसते. हवेला उघडे ॲल्युमिनियम सापडतच नाही. हा पहिला थर भरड आणि सैल असतो, म्हणून तो नायट्रिक ॲसिडमध्ये काढून टाकतात आणि भाग पुन्हा, थोडा कमी वेळ, झिंकेटमध्ये बुडवतात. दुसऱ्या वेळी बसणारा थर बारीक, पातळ आणि घट्ट असतो. विजेचे प्लेटिंग सुरू होते ते यानंतर. ८ मायक्रॉनची सगळी भिस्त या थरावर असते, आणि ड्रॉइंगवर त्याचा उल्लेखही नसतो.

डाय-कास्ट भाग असला तर काम आणखी अवघड. सर्रास वापरल्या जाणाऱ्या एडीसी-१२ मध्ये दहा-बारा टक्के सिलिकॉन आणि दीड ते साडेतीन टक्के तांबे असते. एचिंग केल्यावर ते काळ्या थराच्या रूपाने पृष्ठभागावर उरते. तांबे नायट्रिकने निघते, सिलिकॉन निघत नाही. त्यासाठी फ्लोराइड घालावे लागते. फ्लोराइड कातडीतून आत शिरून हाडापर्यंत इजा करू शकते. कास्टिंगच्या बारीक छिद्रांत अडकलेले द्रावण नंतर फोड आणते. म्हणूनच तपासणीत भाग सुमारे २२० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून थंड पाण्यात टाकतात, म्हणजे पकड कच्ची असेल तर तिथल्या तिथे फोड दिसतो. भोसरीतल्या कामगाराला फ्लोराइड हाताळावे लागणार की नाही, हे अशा रीतीने मिश्रधातू निवडताना ठरते. आणि ती निवड हिंजवडीत होते.

आता पाण्याकडे वळू. झिंक-निकेलच्या अल्कलाइन टाकीत निकेल विरघळलेले राहावे म्हणून अमाइन गटातली रसायने घालतात. ती निकेलला घट्ट धरून ठेवतात, टाकीत आणि धुण्याच्या पाण्यातही. शेडच्या साध्या सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेत, म्हणजे ईटीपीत, चुना किंवा कॉस्टिक घालून पीएच वाढवला की एरवी निकेल तळाशी बसते. इथे ते बसत नाही. हे पाणी दुसऱ्या प्लेटिंगच्या पाण्यात मिसळले तर तिथले तांबेही तळाशी बसत नाही. शिवाय ‘सायनाइडविरहित’ म्हणून घेतलेल्या या टाकीत उघड्या निकेल ॲनोडवर अमाइन मोडून काळाच्या ओघात सायनाइड तयार होते. ॲनोड मेम्ब्रेनमागे ठेवला तर ते टळते, पण मेम्ब्रेन स्वस्त नाही. प्लेटिंगच्या सांडपाण्याला आपल्याकडे लिटरमागे निकेल ३ मिलिग्रॅम, जस्त ५ आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम ०.१ मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. किलोवर किंवा चौरस इंचावर जॉबवर्कचा दर ठरवताना ही मर्यादा पाळण्याचा खर्च त्यात बसतो का, हे खरेदी विभागाने कधी विचारल्याचे मला तरी दिसलेले नाही.

सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राची मागणी पिंपरी-चिंचवडचे लघुउद्योजक वर्षानुवर्षे करत आहेत आणि ती रास्त आहे. पण अमाइनने धरलेले निकेल सगळ्यांच्या पाण्यात मिसळून आले तर केंद्रालाही ते जड जाईल. झिंक-निकेलचे पाणी उगमापाशीच वेगळे ठेवले पाहिजे.

सगळ्यांत स्वस्त सुधारणा मात्र ड्रॉइंगवर होतात. भागातले बंद भोक हे भांडेच असते. प्रत्येक टाकीतले द्रावण त्यातून पुढच्या टाकीत जाते. आत गेलेले निकेल धुऊन काढायला पाणी किती लागते, त्याचा हिशेब सोपा आहे. भागाबरोबर आलेले एक लिटर द्रावण हजारपट पातळ करायचे तर एकाच टाकीत धुताना १००० लिटर पाणी लागते. उलट्या प्रवाहाच्या दोन टाक्यांत सुमारे ३२ लिटर पुरते, तीन टाक्यांत १०. निचऱ्याचे एक भोक आखले की मुळात टाकीबाहेर येणारे द्रावणच घटते. जिथे वीज वाहून नेण्याची गरज नाही तिथे ॲनोडायझिंग चालेल का, हे विचारता येते. पुष्कळदा ॲल्युमिनियमला हात न लावता झिंक-निकेल फक्त पोलादी बोल्टवर चढवले तरी भागते. तेवढ्याने झिंकेट, नायट्रिक आणि फ्लोराइडची अख्खी रांग वाचते.

म्हणून माझ्या मागण्या दोन. पहिली, जी कंपनी फिनिशची ओळ लिहिते तिने पुरवठादाराच्या ऑडिटमध्ये थराच्या जाडीच्या अहवालाबरोबर ईटीपीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यातल्या निकेलचा अहवाल आणि रांजणगावच्या घातक कचरा केंद्रात गेलेल्या स्लजच्या पावत्याही मागाव्यात, आणि त्याचा खर्च दरात द्यावा. दुसरी, हिंजवडीत रुजू होणाऱ्या प्रत्येक डिझाइन अभियंत्याने आपल्या पहिल्या ड्रॉइंगवर सही करण्याआधी एक पूर्ण पाळी प्लेटिंग शेडमध्ये काढावी. फिनिशच्या ओळीखाली आखणाऱ्याचे, तपासणाऱ्याचे आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव असते. त्या ओळीमुळे नदीत काय जाते याची जबाबदारीही त्या तीन नावांनी घ्यायला हवी. शेडवाल्याला एकट्याला दंड करून निकेल कमी होणार नाही.