वही, संगणक आणि साडेपाच तास

हौशी रेडिओ केंद्रावरून झालेल्या प्रत्येक संपर्काची नोंद म्हणजे लॉग. समोरच्या केंद्राचा कॉलसाइन, तारीख, वेळ, बँड, संपर्क बोलून झाला की मोर्सने की डिजिटल पद्धतीने, आणि सिग्नल कसा ऐकू आला याचे दोन्ही बाजूंनी दिलेले आकडे, इतके रकाने भरले की नोंद पूर्ण झाली. नाव-गाव लिहिले तर पुढच्या भेटीत उपयोगी पडते. भारतात हा छंद १९७८ च्या हौशी सेवा नियमांनी बांधलेला आहे. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्यांना परीक्षा देऊन संचार मंत्रालयाच्या डब्ल्यूपीसी शाखेकडून परवाना घेता येतो. व्हीयू २ किंवा व्हीयू ३ ने सुरू होणारा कॉलसाइन मिळतो आणि त्याबरोबर संपर्कांची कालक्रमाने नोंद ठेवण्याची जबाबदारीही येते.

नियम सोडला तरी लॉग लागतोच. शंभर वेगवेगळ्या देश-प्रदेशांशी बोलल्याचे डीएक्ससीसी प्रमाणपत्र हवे असेल तर प्रत्येक संपर्काची पुष्टी समोरच्याकडून यावी लागते. ती पूर्वी फक्त टपालाने, क्यूएसएल कार्डाने येई. अमेरिकेतल्या एआरआरएल या संस्थेने २००३ मध्ये लॉगबुक ऑफ द वर्ल्ड ही सेवा सुरू केली, तेव्हापासून दोघांनी आपापले लॉग चढवायचे आणि ते जुळले की पुष्टी झाली, असेही करता येते. आपत्तीच्या वेळी हाच लॉग निरोपांची आवक-जावक होतो. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी जगभरच्या हॅमना, म्हणजे हौशी रेडिओचालकांना, अंदमानशी संपर्काची दुर्मीळ संधी द्यावी म्हणून पोर्ट ब्लेअरला संच लावून बसले होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि हौसेचा संच निरोप पोहोचवण्याच्या कामाला लागला. अशा वेळी कोणाचा निरोप किती वाजता कोणाकडे दिला, हे लिहिलेले नसेल तर निरोप दिला आणि न दिला सारखेच.

महिन्याला दहा-वीस संपर्क करणाऱ्याला जाड पुठ्ठ्याची वही पुरेशी आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. वही अपुरी पडते ती शोधताना. ‘हे केंद्र आधी कधी भेटले होते का’ या प्रश्नाचे उत्तर तीन हजार ओळींत बोट फिरवून मिळत नाही. सॉफ्टवेअर कॉलसाइनची चार अक्षरे टाइप होताच ते दाखवते.

मात्र संगणकावर येताना पहिली ठेच वेळेची लागते. जगभरचे हॅम जागतिक प्रमाणवेळ, म्हणजे यूटीसी लिहितात आणि भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. वर्ध्यात १५ ऑगस्टच्या पहाटे दोन वाजता झालेला संपर्क लॉगमध्ये १४ ऑगस्ट, २०:३० असा पडतो. पहाटे साडेपाचपर्यंत तारीखही आदल्या दिवसाची. सॉफ्टवेअर हे गणित आपोआप करते, पण त्यासाठी संगणकाचे घड्याळ भारतीय वेळेवर आणि टाइम झोनही भारताचाच हवा. काही उत्साही मंडळी घड्याळच यूटीसीला लावतात आणि झोन तसाच ठेवतात. मग सॉफ्टवेअर आणखी साडेपाच तास वजा करते. लॉगबुक ऑफ द वर्ल्डला दोन्हीकडच्या वेळांत ३० मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. त्यामुळे असा वर्षभराचा लॉग चढवला तरी एकही संपर्क जुळत नाही, आणि चूक कुठे आहे हे कळायला बरेच दिवस जातात.

सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडले की ते ग्रिड विचारते. पृथ्वीचे दोन रेखांश रुंद आणि एक अक्षांश उंच असे चौकोन पाडून प्रत्येकाला नाव दिलेले असते. वर्धा, सेवाग्राम, पुलगाव, हिंगणघाट हा सगळा भाग एमएल ९० मध्ये येतो. उत्तरेकडचे कारंजा आणि आष्टी २१ अंशांच्या वर असल्याने एमएल ९१ मध्ये, आणि आर्वी तर त्या रेषेच्या अगदी काठावर. तिथल्या केंद्राने घराचे अक्षांश मोबाईलवर पाहूनच रकाना भरलेला बरा. ग्रिडबरोबर झोनही भरायचे असतात. सीक्यू झोन २२ आणि आयटीयू झोन ४१ हे आकडे सगळ्या वर्धा जिल्ह्याला सारखेच.

आता निवडीचा मुख्य प्रश्न. सॉफ्टवेअर दिसते कसे, नकाशे किती रंगीत आहेत, यावर बहुतेकांची नजर आधी जाते. खरे पाहायचे ते हे की आत भरलेली माहिती बाहेर कशी काढता येते. यासाठी हॅम जगताने १९९६ पासून एडीआयएफ नावाची सामाईक पद्धत ठरवलेली आहे. ही फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते: प्रत्येक रकान्याचे नाव, त्यात किती अक्षरे आहेत तो आकडा, आणि पुढे मजकूर. ज्या कार्यक्रमातून सगळा लॉग एडीआयएफमध्ये काढता येतो तो पुढे बंद पडला, महाग झाला, विकला गेला तरी नोंदी वाचतात. ही शंका काल्पनिक नाही. हॅम रेडिओ डिलक्स हे लोकप्रिय सॉफ्टवेअर पूर्वी मोफत मिळे. पुढे मालकी बदलली आणि ते विकत घ्यावे लागू लागले.

मराठी माणसासाठी इथे एक बारीक खोच आहे. एडीआयएफची नेहमीची, एडीआय प्रकारची फाइल फक्त रोमन अक्षरे, अंक आणि मूळ चिन्हे स्वीकारते. शेरा किंवा नाव देवनागरीत लिहिले तर एका सॉफ्टवेअरमध्ये ते नीट दिसते आणि दुसऱ्यात नेल्यावर प्रश्नचिन्हांची रांग होते. म्हणून लॉगमधली नावे रोमन लिपीतच ठेवावीत. मराठी शेऱ्यांची हौस वहीत भागवता येते.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हे केंद्र कशासाठी चालते त्यावर ठरते. रोजच्या गप्पा आणि दूरदेशीचे संपर्क असतील तर विंडोजवर लॉग ४ ओएम किंवा लॉगर ३२, लिनक्सवर सीक्यूआरलॉग, आणि विंडोज, लिनक्स, मॅक या तिन्हींवर चालणारे केलॉग. चारही मोफत आहेत. स्पर्धेचे गणित वेगळे. सीक्यू वर्ल्ड वाइडसारख्या ४८ तासांच्या स्पर्धेत मिनिटाला दोन-तीन संपर्क करणाऱ्याला नाव-गाव लिहायला वेळ नसतो. त्याला एंटर दाबताच पुढचा संदेश पाठवणारे आणि तेच केंद्र त्याच बँडवर पुन्हा आले तर लगेच सांगणारे सॉफ्टवेअर लागते. तिथे एन१एमएम लॉगर प्लसचा दबदबा आहे. ते विंडोजवर चालते, मोफत आहे, आणि स्पर्धेच्या आयोजकांना लागणारी कॅब्रिलो प्रकारची फाइल तयार करून देते. रोजच्या लॉगसाठी मात्र ते वापरू नये. स्पर्धा संपली की एडीआयएफ काढून मुख्य लॉगमध्ये मिसळावे. वेव्हलॉगसारखे ब्राउझरमध्ये चालणारे लॉग हा तिसरा प्रकार. तो मोबाईलवरूनही भरता येतो, पण सर्व्हर बाहेर असेल आणि इंटरनेट गेले तर वहीच काढावी लागते.

डिजिटल पद्धती वापरणाऱ्याला बहुधा डब्ल्यूएसजेटी-एक्स हे सॉफ्टवेअर लागते. ते जोसेफ टेलर यांनी सुरू केले. एका जोड-स्पंदक ताऱ्याच्या शोधाबद्दल टेलर यांना १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले होते. स्टीव्ह फ्रँक यांच्याबरोबर त्यांनी २०१७ मध्ये आणलेली एफटी ८ ही पद्धत कानाला ऐकू न येणारे सिग्नलही उकलते. तिच्यात १५-१५ सेकंदांच्या पाळ्या असतात आणि दोन्हीकडची घड्याळे साधारण एका सेकंदाच्या आत जुळलेली लागतात. संपर्क संपला की त्याची नोंद हे सॉफ्टवेअर परस्पर मुख्य लॉगला पाठवू शकते. निवड करताना ही जोडणी कितपत सोपी आहे ते पाहावे.

रेडिओ संगणकाला जोडला की फ्रीक्वेन्सी आणि मोड आपोआप लॉगमध्ये उतरतात. हाताने बँड लिहिताना होणाऱ्या चुका त्याने जवळजवळ संपतात. आयकॉम आयसी-७३०० सारख्या संचात एकाच यूएसबी केबलने आवाजही जातो आणि नियंत्रणही. जुन्या संचांना वेगळी केबल आणि आवाजासाठी वेगळी जोडणी लागते. एकच पोर्ट दोन सॉफ्टवेअरना हवा असला की पहिले चालते आणि दुसरे रुसते. त्यावर ओम्निरिग किंवा एफएलरिग यांसारखा मध्यस्थ ठेवणे हा उपाय.

संगणक शेवटी निवडावा, कारण लॉगिंगला ताकद फारशी लागत नाही. चार जीबी मेमरीचा जुना लॅपटॉप मोर्स आणि गप्पांना भरपूर होतो. एफटी ८ ची उकल आणि नकाशे एकत्र चालवायचे तर आठ जीबी बरे. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर पाच-सात वर्षांचा लॅपटॉपही चपळ होतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर विंडोज ११ बसत नाही. अशा यंत्रावर लिनक्स टाकून सीक्यूआरलॉग किंवा केलॉग चालवणे हा शहाणा मार्ग आहे, मात्र एन१एमएम हवेच असेल तर विंडोज सोडता येत नाही. रास्पबेरी पाय लहान आणि कमी विजेवर चालणारा. पण पाय ४ पर्यंतच्या मॉडेलांत बंद असतानाही चालणारे घड्याळ नाही. वीज गेली, इंटरनेटही गेले, वीज परत आली, की तो चुकीच्या वेळेवर उठतो आणि एफटी ८ मुके होते. जीपीएसचा छोटा यूएसबी रिसीव्हर ही अडचण सोडवतो.

वर्ध्यात डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप सरस ठरतो तो विजेमुळे. खेड्यात वीज येते-जाते. लॅपटॉपची बॅटरी हाच त्याचा यूपीएस. रेडिओ १३.८ व्होल्टवर चालतो, म्हणजे त्यालाही बॅटरी पुरते, आणि मग अंधारातही केंद्र सुरू राहते. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेव्हा लॅपटॉप टेबलावर सपाट न ठेवता खालून हवा लागेल असा ठेवावा. कूलरचा ओला झोत मात्र थेट रेडिओवर आणि संगणकावर येऊ देऊ नये.

संगणक घेण्यापूर्वी करायची एक चाचणी फुकट आहे आणि बहुतेक जण ती करत नाहीत. रेडिओ ४० मीटर बँडवर लावावा, संगणक चार्जरसह सुरू करावा, मग चार्जर भिंतीतून काढावा. खरखर एकदम कमी झाली तर दोष चार्जरचा. स्वस्त चार्जर, एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, सोलर इन्व्हर्टर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, सगळेच लघुलहरींवर गोंगाट करतात. केबलला फेराइटच्या कड्यांमधून काही वेढे दिले तर गोंगाट कमी होतो. उलट दिशेचा त्रासही असतो: १०० वॅटने प्रसारण करताच माऊस थिजतो किंवा यूएसबी तुटते. तिथेही फेराइटच, आणि अँटेना घरापासून शक्य तितकी दूर.

मान्सूनपूर्व गडगडाटात अँटेनाची केबल काढून ठेवणे सगळ्यांना माहीत असते. यूएसबी केबल विसरली जाते. अँटेनावरून आलेला झटका रेडिओतून त्याच तारेने संगणकात, म्हणजे थेट लॉगपर्यंत पोहोचतो. म्हणून प्रत्येक बैठकीनंतर एडीआयएफ फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी आणि आठवड्याला एकदा स्वतःच्याच ईमेलवर पाठवावी, म्हणजे एक प्रत घराबाहेर राहते. वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून नोंदींची संख्या जुळते का ते मोजावे. लॉगबुक ऑफ द वर्ल्डवर लॉग चढवताना आपली ओळख पटवणारे डिजिटल प्रमाणपत्र एडीआयएफमध्ये येत नाही. त्याची फाइल टीक्यूएसएल या सॉफ्टवेअरमधून वेगळी काढून त्याच पेनड्राइव्हवर ठेवावी लागते.