सेनगांवची तिफण



कैरो शहरांत मार्कस सिमैका यांनीं १९०८ सालीं स्थापिलेलें एक संग्रहालय आहे. कॉप्ट, म्हणजे इजिप्तमधील प्राचीन ख्रिस्ती समाज, त्याच्या वस्तु तेथें जपलेल्या आहेत. या लोकांचीं लांकडी अवजारें शतकानुशतकें टिकलीं, याचें श्रेय तेथील कोरड्या वाळूला आहे. पाऊस नाहीं, ओल नाहीं. मग लांकूड कुजणार कसें?

आतां आपल्या हिंगोली जिल्ह्यांतील सेनगांवकडे पाहूं. येथली काळी जमीन मृगांत फुगते, चैत्रांत भेगाळते. शिवाय वाळवी आहेच. अशा मातींत पुरलेलें लांकूड फार काळ राहत नाहीं. पुणें जिल्ह्यांत वाळकी येथें ताम्रपाषाणयुगांतील नांगराचा फाळ मिळाला, तो हाडाचा. त्याला जोडलेलें लांकूड केव्हांच मातीला मिळालें असेल. आमच्याकडे जुनें अवजार टिकलें तें नमुन्याच्या रूपानें. तिफण मोडली कीं सुतारानें तिच्याच मापानें बाभळीची नवी करावयाची, हेंच आमचें संग्रहालय!

तें माप म्हणजे नुसती रूढि नव्हे. दिंडांत बसविलेले तीन फण एका वेळीं तीन तास पाडतात. वरच्या चाड्यांत मूठ सुटते आणि बीं छिद्रांतून बांबूच्या नळ्यांत व तेथून थेट ओलींत पडतें. (असें नळीचें पेरणीचें अवजार इराकमधील प्राचीन मुद्रांवरही कोरलेलें आढळतें.) मूठ सोडणें हें पुष्कळदां बाईचें काम, आणि तें मोठ्या कसबाचें, हात अडखळला कीं पीक कोठें दाट, कोठें विरळ. ज्वारीसाठीं दोन फणांत सुमारें दीड फूट अंतर ठेवितात. पुढें त्याच अंतरांतून डवरा फिरावयाचा असतो. सुताराचें माप चुकलें तर तणाऐवजीं पीकच उपटलें जाईल.

आतां या भागांत सोयाबीनचा पेरा मोठा, आणि तिफणीचें काम ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानें पुष्कळसें उचललें आहे. त्यांत वाईट कांहीं नाहीं. बैलजोडी पोसणें सोपें राहिलेलें नाहीं. पण नवी तिफण कोणी मागत नाहीं, म्हणून नमुना उतरून घेणाराही नाहीं. गोठ्यांतली शेवटची तिफण चुलींत गेली कीं सुताराच्या हातचें मापही गेलें.

ज्यांच्या घरीं ती असेल त्यांनीं ती शाळेच्या एखाद्या कोरड्या खोलींत, जमिनीपासून उंच ठेवावी. फणांतील अंतर, लांकडाची जात आणि करणाऱ्या सुताराचें नांव-गांव लिहून चिठ्ठी बांधावी. चाडें व नळ्या मात्र वेगळ्या पडूं देऊं नयेत. त्यांच्यावांचून हें पेरणीचें अवजार होतें, हें पाहणाऱ्याला कळणार नाहीं.