मुंबई ते सोहार : हवेतले अंतर आणि जमिनीवरचा वेळ

मुंबई ते ओमानमधले सोहार हे सरळ हवाई अंतर सुमारे १,७७५ किलोमीटर आहे. पण मुंबईकराची नेहमीची वाट मस्कतवरून जाते, आणि मुंबई-मस्कत अंतर १,६०० किलोमीटरच्या थोडे आत भरते. या मार्गावरची एअरबस ए ३२० किंवा बोइंग ७३७ जातीची विमाने ताशी ८३०-८४० किलोमीटर वेगाने उडतात. साधा भागाकार केला तर दोन तासांचाही प्रवास नाही. वेळापत्रक मात्र पावणेतीन तास आणि वर पाच-दहा मिनिटे धरते.

कारण वेळापत्रकातला वेळ उड्डाणाचा नसतो. विमान जागेवरून हलले की तो सुरू होतो आणि पलीकडे जागेवर उभे राहिले की संपतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. गर्दीच्या वेळी विमान रांगेत उभे राहते आणि तो वेळ कंपन्या आधीच हिशेबात धरतात.

दुसरा वाटेकरी वारा. हिवाळ्यात या पट्ट्यात उंचावर पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. ताशी ८० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर ८३० चा वेग जमिनीच्या हिशेबाने ७५० उरतो. परतताना तोच ९१० होतो. एवढ्यानेच जाण्यायेण्यात वीसेक मिनिटांचा फरक पडतो.

खरा घोळ तिकिटावर होतो. ओमानचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे आणि तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. समजा, विमान मुंबईहून सकाळी ६ ला निघून मस्कतला ७.२० ला उतरले. वरवर १ तास २० मिनिटे दिसतात, प्रत्यक्षात लागतात २ तास ५०. येताना ६ ला सुटलेले विमान मुंबईला १०.०५ ला पोचले, तर प्रवास मात्र २ तास ३५ मिनिटांचाच.

यापुढे रस्ता. मस्कतचा विमानतळ शहराच्या पश्चिमेला, सीब भागात, म्हणजे सोहारच्याच बाजूला आहे. तिथून सोहार सुमारे २०० किलोमीटर. जुना किनारी रस्ता बरका, सुवेक, सहम अशा गावांमधून जातो. २०१८ मध्ये पूर्ण झालेला बातिना द्रुतगती मार्ग ती वस्ती टाळतो. तरी दोन-सव्वादोन तास जातातच. शिवाय नोकरीसाठी जाणाऱ्याला जिथे पोचायचे असते ती औद्योगिक वसाहत सोहार गावात नाही. ओमान सरकार आणि रॉटरडॅम बंदर यांच्या भागीदारीतले बंदर आणि त्याला लागून असलेले पोलाद, ॲल्युमिनियम व तेलशुद्धीकरणाचे कारखाने शहराच्या वायव्येला आणखी वीसेक किलोमीटरवर आहेत. जिंदाल समूहाने २०१० मध्ये घेतलेला शदीद पोलाद कारखाना तिथलाच. थोडक्यात, नव्याने रुजू होणाऱ्या फिटरचा किंवा वेल्डरचा रस्त्यावरचा वेळ हवेतल्या वेळाच्या बरोबरीचा होतो. मुंबई विमानतळावरचे आधीचे तीन तास वेगळेच.

नकाशा पाहून दुबईमार्गे जाण्याचा विचार सुचतो, कारण तेथूनही सोहार दोनेकशे किलोमीटरवरच आहे. पण मध्ये सीमा आहे. ओमानचा व्हिसा असलेल्या भारतीयाला दुबईत उतरून बाहेर पडायचे तर अमिरातीचाही व्हिसा लागतो आणि नाक्यावर किती वेळ मोडेल याचा भरवसा नसतो. सोहारला स्वतःचा विमानतळ आहे. तिथे २०१४ मध्ये प्रवासी विमाने सुरू झाली आणि शारजाहून एअर अरेबियाची उड्डाणेही होत आली आहेत. मात्र शारजात पुढच्या विमानासाठी चार-पाच तास थांबावे लागले, तर मस्कतहून मोटारीने निघालेला माणूस आधी पोचतो.