गोल्फ समजून घेताना – भाग ६ : खांदा वळतो आणि उतरतोही

मागच्या आठवड्यात आपण चेंडूसमोर उभे राहिलो : गुडघे किंचित सैल, अंग कंबरेतून पुढे झुकलेलं, हात खांद्यांखाली सहज लोंबणारे. आता क्लब मागे न्यायचा. मैदानावर इथे एकच सूचना ऐकू येते, ‘खांदे फिरवा.’ ती ऐकून नवखा खेळाडू बहुतेक वेळा हात उचलतो, किंवा ताठ होत आडवा वळतो.

खांद्यावर कावड घेतलेला माणूस डोळ्यांसमोर आणा. ताठ उभा राहून तो वळला, तर कावडीची दोन्ही टोकं एकाच उंचीवरून फिरतील. तोच वाकलेला असताना वळला, तर एक टोक जमिनीकडे जाईल आणि दुसरं वर. गोल्फपटू वाकूनच उभा असतो. म्हणून उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा खांदा क्लब मागे जाताना हनुवटीखाली उतरतो आणि उजवा मागे वर चढतो. डावा खांदा उतरला नाही, तर समजावं की कणा ताठ होत चालला आहे. मग परत येताना उंची बदललेली असते आणि फटका चेंडूच्या डोक्याला निसटता लागतो.

बेन होगन या अमेरिकन खेळाडूने १९५७च्या ‘फाइव्ह लेसन्स’ या पुस्तकात क्लब मागे वरच्या टोकाला पोचतो तेव्हा खांदे ९० अंश आणि नितंब सुमारे ४५ अंश वळावेत, असं सांगितलं. या ९० अंशांची मला फार काळजी वाटते, कारण तो आकडा गाठायला लोक कंबरेला पीळ देतात. कंबरेच्या पाच मणक्यांचे सांधे पुढे-मागे वाकण्यासाठी बनलेले आहेत, वळण्याची मुभा त्यांना फार थोडी असते. वळण मुख्यतः मिळतं ते खुब्यांतून आणि बरगड्या जोडलेल्या वरच्या पाठीतून. शिवाय खांद्याचे फरे बरगड्यांवरून सरकतात, तीही भर पडते. दिवसभर खुर्चीत बसून वरची पाठ आखडली असेल, तर ९० अंशांचा हट्ट नको. डावी टाच थोडी उचलू द्या. बॉबी जोन्स आणि जॅक निकलस दोघेही ती उचलत.

‘मान खाली ठेवा’ हा सल्लाही इथे आड येतो. हनुवटी छातीला टेकवली, तर डाव्या खांद्याला जायला जागाच उरत नाही. नजर चेंडूवर असू द्या, हनुवटी मात्र छातीपासून सुटी हवी.

परतीचा प्रवास खांद्यांनी सुरू करायचा नाही. आधी नितंब लक्ष्याकडे वळू लागतात, खांदे मागून येतात. घाईने उजवा खांदा पुढे फेकला, तर क्लब बाहेरून आत येत चेंडू कापतो आणि चेंडू उजवीकडे वळत जातो. हौशी खेळाडूंना छळणाऱ्या ‘स्लाइस’चं हे नेहमीचं कारण आहे. योग्य फटक्यात चेंडूला क्लब लागतो त्या क्षणी उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली असतो.

हे सगळं चेंडूविना शिकता येतं. क्लब छातीवर आडवा धरा, त्यावर हातांची घडी घाला आणि खेळताना झुकता तसे झुका. चेंडूच्या जागी एक रुमाल ठेवा. आता सावकाश उजवीकडे वळा. क्लबचं डावं टोक रुमालाच्या थोडं पलीकडे जमिनीकडे रोखलेलं दिसलं, तर खांदा नीट उतरला. समोरच्या भिंतीकडे रोखलेलं दिसलं, तर तुम्ही आडवे वळलात.

पुढच्या भागात नितंबांकडे वळू. तोवर रोज दहा वेळा, आरशासमोर, हे करून पाहा. पाठीचं जुनं दुखणं असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा.