बाळंतिणीचे झटके आणि मॅगसल्फ

आमच्या वरळी कोळीवाड्यात गरोदर सुनेच्या पायांवर सूज आली की पहिला दोष सुकटीला दिला जातो. मीठ बंद, सुकट बंद, झाले! वस्तुतः गरोदरपणातील रक्तदाबाचा हा विकार मिठाने होत नाही. विसाव्या आठवड्यानंतर दाब १४०/९० किंवा त्याहून वर गेला, लघवीत प्रथिने आली, डोके ठणकू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली, की झटक्यांची भीती असते. हे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते.

त्यावरील खात्रीचे औषध म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, दवाखान्यात ज्याला मॅगसल्फ म्हणतात. १९९५ साली अनेक देशांतील १६८७ स्त्रियांच्या अभ्यासात ते डायझेपाम व फेनिटॉइन या दोन्ही औषधांपेक्षा सरस ठरले. पुढे २००२ साली दहा हजारांवर स्त्रियांच्या चाचणीत त्याने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी केला. औषध स्वस्त आहे. पण तारणारे हेच औषध रक्तात साचले तर जिवावर बेतते.

ते शरीराबाहेर पडते मुख्यतः मूत्रपिंडांतून, आणि या विकारात नेमकी मूत्रपिंडेच थकलेली असतात. म्हणून लघवीवर सारे अवलंबून. प्रत्येक पुढच्या डोसाआधी तीन गोष्टी पाहतात: गुडघ्याखाली हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वास मिनिटाला निदान सोळा आहेत का, आणि मागील चार तासांत लघवी ताशी तीस मिलिलिटर तरी झाली का. यांतील एकही गोष्ट नसेल तर डोस थांबवतात. विष चढू लागले की आधी गुडघ्याची हालचाल जाते, मग श्वास मंदावतो, शेवटी हृदय थांबते. हा क्रम हीच आपल्याला मिळालेली सवलत. उतारा कॅल्शियम ग्लुकोनेटचा, एक ग्रॅम, शिरेतून सावकाश. तो खाटेजवळ तयार असावा लागतो.

मूळ मात्रा अमेरिकेतील डॉ. जॅक प्रिचर्ड यांची. आपल्याकडील स्त्रिया अंगाने लहान, हे ध्यानी घेऊन सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई व सहकाऱ्यांनी कमी मात्रेच्या उपचाराचा अनुभव २००३ साली प्रसिद्ध केला. जागतिक आरोग्य संघटना मात्र पूर्ण मात्रेचीच शिफारस करते. हा निर्णय डॉक्टरांचा. त्यात आपण पडू नये.

आपले काम वेगळे. इंजेक्शननंतर अंग तापल्यासारखे वाटणे, मळमळणे हे बहुधा साधे असते, त्याला भिऊन औषध नाकारू नये. परंतु बाळंतीण बोलताना अडखळू लागली, हातपाय ढिले पडले, हाक मारून जागी होईना, तर "दमली आहे, झोपू द्या" असे म्हणणारी मावशी कितीही मायाळू असली तरी तिचे ऐकू नये. लगेच सिस्टरना हाक मारावी. शेवटचा झटका किंवा बाळंतपण, यांपैकी जे नंतरचे, त्यापुढे २४ तास हे औषध चालते; तेवढा वेळ घरातील कोणीतरी जागे राहावे.

लहान प्रसूतिगृहातून रात्री केईएम किंवा नायरला हलवताना पहिला डोस किती व किती वाजता दिला याची चिठ्ठी मागून घ्यावी. ती नसेल तर तिथे तोच डोस पुन्हा दिला जाण्याचा धोका असतो.