दात आणि चणे

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण दैवाला बोल लावते. दातांच्या बाबतीत मात्र हे दैव बऱ्याच अंशी माणसाच्या हाती असते.

बेंगळुरूतील चामराजपेट ही १८९२ मध्ये वसविलेली जुनी पेठ. निवृत्तिवेतनधारक, व्यापारी आणि शेजारच्या कृष्णराजेंद्र बाजारात ओझी वाहणारे श्रमिक या परिसरात रोज एकमेकांच्या शेजारून जातात. हिरड्यांचा विकार यांपैकी कोणालाही वगळत नाही. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात ३५ ते ४४ वयोगटातील दहापैकी सुमारे नऊ जणांच्या हिरड्यांत काही ना काही दोष आढळला होता.

दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर वेळीच न काढल्यास त्याचे कठीण कीटण बनते. हिरड्या सुजतात, दात घासताना रक्त येते. या टप्प्यावर विकार पूर्ण बरा होतो. पुढे मात्र दातांना आधार देणारे हाड झिजते आणि ते सहसा भरून येत नाही. हे सारे बहुधा वेदनेविना घडते, हाच खरा धोका.

येथे सामाजिक भेद ठळक होतो. सुस्थित गृहस्थ मधुमेहाच्या तपासणीबरोबर दातही दाखवून घेतो. हमालाला दवाखान्यात जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. दुखत नसलेल्या दातासाठी ती कोण बुडवील? तो येतो तेव्हा दात काढण्यावाचून इलाज उरत नाही. तंबाखू या हानीत भर घालते. धूम्रपानामुळे तर रक्तस्रावाची सूचनाही झाकली जाते. मधुमेह आणि हिरड्यांचा विकार परस्परांना बळावतात, हे निवृत्तांनी विशेष ध्यानात ठेवावे.

कीटण काढल्याने दात हलू लागतात, हा समज निराधार आहे; कीटण निघाल्यावर आधीची झीज केवळ जाणवू लागते. फ्लोराइडयुक्त पेस्टने दोन वेळा, विशेषतः निजण्यापूर्वी, दात घासावेत. रक्त आले म्हणून घासणे थांबवू नये, दंतवैद्याला दाखवावे. किल्ल्याजवळील शासकीय दंत महाविद्यालय चामराजपेटेपासून फार दूर नाही. घरी राबणाऱ्या, बाजारात ओझे वाहणाऱ्या व्यक्तीला तेथपर्यंत जाण्यासाठी अर्ध्या दिवसाची भरपगारी सवड दिली, तरी तिचे दात वाचू शकतील.